'गाइज' म्हणजे नेमके कोण, आणि ते कोणाला म्हणावे

इंदूरच्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांची कन्या सुपर कॉरिडॉरवरील एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच रुजू झाली असून तिचे अमेरिकेतील प्रमुख रोजच्या बैठकीची सुरुवात 'हाय गाइज' अशी करतात, आणि त्या बैठकीत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असते. कन्येने तेच संबोधन एका ग्राहक कंपनीला पाठवलेल्या ईमेलमध्ये वापरले, तेव्हा तिकडच्या एका ज्येष्ठ बाईंनी 'मी गाइ नाही' असे एका ओळीचे उत्तर धाडले. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ 'पुरुष' असाच दिलेला आहे. मग प्रमुखांचे बोलणे चुकीचे म्हणायचे, की बाईंचा आक्षेप अवाजवी म्हणायचा, आणि हा शब्द वापरावा की टाकावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

नोकरी करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी इंदुरात बऱ्याच वर्षांपासून इंग्रजी शिकवते आणि त्यांची कार्यालयीन पत्रे तपासते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत सतत येत असतो. माझे मत आधीच सांगून टाकते. प्रमुखांचे बोलणे त्यांच्या भाषेत पूर्णपणे शुद्ध आहे, बाईंच्या आक्षेपालाही आधार आहे, आणि शब्दकोशही खोटे सांगत नाही. हा शब्द एकवचनात एका प्रकारे वागतो, अनेकवचनी हाक म्हणून दुसऱ्या प्रकारे वागतो आणि ईमेलच्या पहिल्या ओळीत आणखी तिसऱ्या प्रकारे ऐकू येतो. हे तीन व्यवहार वेगळे करून पाहिले नाहीत, तर उत्तर कधीच सापडत नाही. (एकवचनाचा उच्चार आपल्या 'गाय' या शब्दाशी जुळतो, म्हणून वाचताना घोटाळा होऊ नये यासाठी मी येथे 'गाइ' असे लिहिते.)

एकवचनी 'गाइ' म्हणजे पुरुष, यात आजही शंका नाही. 'दॅट गाइ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो, आणि एखाद्या स्त्रीविषयी 'शी इज अ नाइस गाइ' असे कोणीही सहज म्हणत नाही. अनेकवचनातसुद्धा, ज्यांच्याविषयी बोलायचे ते समोर नसतील, तर बहुधा पुरुषच अभिप्रेत असतात: 'द गाइज ॲट वर्क' म्हणजे कामावरचे पुरुष सहकारी, आणि 'आमच्या गटात तीन गाइज आणि दोन मुली आहेत' हे वाक्य तर दोन्ही वर्ग उघडपणे वेगळे करते. परंतु हाच शब्द समोरच्यांना हाक मारण्यासाठी आला, म्हणजे 'हे गाइज', 'कम ऑन, गाइज', 'व्हॉट डू यू गाइज थिंक', की त्यातले पुरुषत्व जवळजवळ विरून जाते. अमेरिकेत मैत्रिणींच्या टोळक्यात, जिथे एकही पुरुष नाही अशा ठिकाणीसुद्धा, मुली एकमेकींना 'यू गाइज' म्हणतात आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. शब्दकोश चाळणाऱ्याची फसगत होते ती येथे, कारण तो नोंदीची पहिली ओळ वाचून थांबतो, तर हाकेचा हा वापर बहुधा खाली वेगळ्या पोटनोंदीत दिलेला असतो.

असे का झाले, हे समजण्यासाठी इंग्रजीच्या सर्वनामांकडे पाहावे लागते, आणि या साऱ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. जुन्या इंग्रजीत एका व्यक्तीसाठी 'दाऊ' आणि अनेकांसाठी 'यी' अशी दोन सर्वनामे होती. आज वापरात असलेले 'यू' हे मुळात या दुसऱ्याचेच कर्माचे रूप. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच दरबारी रीतीचा प्रभाव वाढला आणि तेराव्या शतकापासून एकाच व्यक्तीला आदराने अनेकवचनी सर्वनाम लावण्याची प्रथा इंग्रजीत पसरू लागली. येथपर्यंतची वाट आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या वाटेसारखीच आहे. पुढे मात्र इंग्रजांनी आदराचे सर्वनाम सगळ्यांनाच लावायला सुरुवात केली, धाकट्यांना, नोकरांना, मित्रांनाही, आणि सतराव्या शतकाअखेरीस 'दाऊ' हे प्रमाण बोलीतून जवळजवळ हद्दपार होऊन प्रार्थना, कविता आणि यॉर्कशरसारख्या काही भागांच्या बोलीत तेवढे उरले. क्वेकर पंथीयांनी माणसामाणसांत भेद नको म्हणून ते जाणीवपूर्वक टिकवले, परंतु ते अपवादच. परिणाम असा झाला की एकाला 'यू', दहांनाही 'यू', आणि ऐकणाऱ्याला कळेना की प्रश्न आपल्याला एकट्याला आहे की साऱ्या मेजाला.

बोलणारे लोक अशी अडचण फार काळ सोसत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यू ऑल' जोडून 'यॉल' झाले, आयर्लंडमध्ये आणि लिव्हरपूलकडे 'यूज' आले, पिट्सबर्गमध्ये 'यिंझ' रुजले, इंग्लंडात 'यू लॉट' म्हणू लागले. अमेरिकेच्या उत्तरेत आणि पश्चिमेत याच जागी 'यू गाइज' बसले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तेथून साऱ्या इंग्रजी जगात पसरले. म्हणजे 'यू गाइज' या जोडीत 'गाइज' हा नाममात्र नाम आहे. त्याचे खरे काम 'यू' ला अनेकवचनी करण्याचे आहे. आपल्याकडच्या हिंदीत 'तुम लोग' आणि 'आप लोग' यांतील 'लोग' नेमके हेच काम करतो, आणि इंदूरच्या मराठी घरांतही त्याच वळणावर 'तुम्ही लोक कधी येणार' असे सर्रास बोलले जाते. तेथे कोणी 'लोक' शब्दाची फोड करत बसत नाही. प्रमुखांच्या तोंडच्या 'गाइज' कडेही तसेच पाहावे.

आता या शब्दाच्या जन्माकडे वळते, कारण फार थोड्या शब्दांची जन्मकथा इतकी नेमकी ठाऊक असते. 'गाइ' हे मुळात एक विशेषनाम आहे, नॉर्मन फ्रेंचमधून इंग्लंडात आलेले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला संसदेसह सुरुंगाने उडवून देण्याचा कट काही कॅथलिक बंडखोरांनी रचला होता. त्यांचा पुढारी रॉबर्ट केट्सबी. परंतु ५ नोव्हेंबर १६०५ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहाखालील तळघराच्या प्रकरणात जो पकडला गेला, तो होता यॉर्कमध्ये जन्मलेला आणि स्पेनच्या सैन्यात लढून आलेला गाइ फॉक्स. तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे मिळाली. त्याने आधी आपले नाव जॉन जॉन्सन असे सांगितले, छळानंतर खरे नाव कबूल केले, आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला देहदंड झाला. राजा बचावला म्हणून दरवर्षी ५ नोव्हेंबरला ईश्वराचे आभार मानावेत, असा कायदाच संसदेने केला आणि तो १८५९ पर्यंत अमलात होता. त्या दिवशी होळ्या पेटू लागल्या, त्यांत पुतळे जाळले जाऊ लागले, आणि जुन्या फाटक्या कपड्यांत पेंढा भरून केलेल्या त्या पुतळ्यालाच लोक 'गाइ' म्हणू लागले. मुले तो पुतळा रस्त्यावर मांडून 'अ पेनी फॉर द गाइ' असे म्हणत पैसे मागत. यॉर्कच्या ज्या सेंट पीटर्स शाळेत फॉक्स शिकला, तेथे मात्र आपल्याच माजी विद्यार्थ्याचा पुतळा जाळत नाहीत, आणि ही गोष्ट मला नेहमीच हृद्य वाटत आली आहे.

पुढचा प्रवास नोंदींवरून स्पष्ट दिसतो. पुतळा या अर्थाने हा शब्द १८०६ मध्ये सापडतो. पुतळ्यासारखा गबाळ्या, चमत्कारिक कपड्यांतला माणूस या अर्थाने १८३६ मध्ये. आणि नुसता 'माणूस, इसम' या अर्थाने अमेरिकेत १८४७ मध्ये. इंग्लंडात हेटाळणीची छटा बराच काळ टिकली, इतकी की 'टु गाइ' या क्रियापदाचा अर्थ खिल्ली उडवणे असा झाला. अमेरिकेत ५ नोव्हेंबरचा उत्सव स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातच मागे पडला होता, त्यामुळे पुतळ्याची आठवण आणि तिच्याबरोबर आलेला तुच्छभाव तेथे लवकर गळून पडला असावा, असा माझा तर्क आहे. तंबूला ताण देणाऱ्या दोराला 'गाइ रोप' म्हणतात, पण तो शब्द निराळा, नाविकांच्या परिभाषेतून आलेला आहे. त्याचा फॉक्सशी काही संबंध नाही.

या इतिहासाचा उपयोग एवढाच की, ज्या शब्दाने एका माणसापासून पुतळा, पुतळ्यापासून गबाळा इसम, इसमापासून कोणताही पुरुष आणि त्यापासून समोरचे सारेजण इतकी मजल मारली, त्याला मूळ अर्थाने बांधून ठेवता येत नाही. आपल्या शहरात 'भिया' या हाकेचे असेच झाले आहे. ती निघाली भावापासून, पण छप्पन दुकान या खाऊगल्लीत ती ज्याला मारली जाते तो हाक मारणाऱ्याचा भाऊ नसतो, ओळखीचाही नसतो, आणि तरीही त्या हाकेत मोकळा आपलेपणा असतो. तोच 'भिया' महानगरपालिकेच्या आयुक्तांना लिहिलेल्या अर्जाच्या मायन्यात कोणी घालणार नाही. हाक उत्तम आहे, पण तिची जागा ठरलेली आहे. 'गाइज' विषयी मला जे सांगायचे आहे त्याचे सारही यातच आले.

एकवचनी शब्दाचे इतर उपयोग थोडक्यात सांगते, कारण बैठकींत ते कानावर पडतात. 'द आयटी गाइ' किंवा 'द न्यू गाइ' म्हणजे त्या कामाचा किंवा नुकताच आलेला माणूस. हे तोंडी चालते, त्या माणसाच्या देखत जपून वापरावे, कारण यात त्याचे नाव हरवते. 'आय नो अ गाइ' म्हणजे हे काम करून देणारा एक माणूस माझ्या ओळखीत आहे. 'गुड गाइज' आणि 'बॅड गाइज' म्हणजे गोष्टीतले सज्जन आणि खलपात्रे. 'फॉल गाइ' म्हणजे दुसऱ्याच्या अपराधाचे खापर ज्याच्या माथी फुटते तो, आपल्या भाषेत बळीचा बकरा. 'वाइज गाइ' हा शब्द ऐकून पुष्कळांना ती स्तुती वाटते. तो टोमणा आहे, आगाऊ आणि अतिशहाण्या माणसासाठी, आणि अमेरिकेत गुन्हेगारी टोळीच्या सदस्यालाही तो लावतात. 'द लिटल गाइ' म्हणजे मोठ्या सत्तेपुढे उभा असलेला सामान्य माणूस किंवा छोटा व्यावसायिक. मात्र 'धिस लिटल गाइ' असे म्हणत कुत्र्याच्या पिलाकडे किंवा यंत्राच्या एखाद्या चिमुकल्या भागाकडेही बोट दाखवले जाते, आणि तेथे तो निव्वळ लाडाचा शब्द असतो. आपल्या आजोबांच्या पिढीच्या इंग्रजीत या जागी 'चॅप' आणि 'फेलो' असत. त्यांतला 'फेलो' भारतात बोलताना बहुधा तुच्छतेने येतो, म्हणून त्याऐवजी 'गाइ' म्हणणे आज अधिक सौम्य ठरते.

आता ज्येष्ठ बाईंच्या आक्षेपाविषयी. त्यांनी शब्दकोशातला अर्थ धरून बोट दाखवले असे वरवर दिसत असले, तरी त्यामागे एक विचार आहे आणि तो इंग्रजी बोलणाऱ्या देशांत बऱ्याच काळापासून गांभीर्याने मांडला जातो. मिश्र समूहाला पुरुषवाचक शब्दाने हाक मारली आणि ती सर्वांना लागू पडते असे मानले, तर पुरुष हाच मुळात माणूस आणि स्त्री त्यात सामावलेली, असे गृहीत धरल्यासारखे होते. 'गॅल्स', म्हणजे 'मुलींनो', म्हणत पुरुषांच्या समूहाला कोणी हाक मारणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्या क्षेत्रांत स्त्रिया अजूनही थोड्या आहेत, तेथे रोज कानी पडणारी ही हाक काही जणींना टोचते. मराठीला येथे एक सोय आहे जी इंग्रजीला नाही: स्त्री-पुरुष मिळून आले, तर आपण नपुंसकलिंगी अनेकवचन वापरून 'ती सगळी आली' असे म्हणू शकतो आणि कोणा एकाच्या लिंगाखाली दुसऱ्याला झाकावे लागत नाही. असे सहज साधन हाताशी असलेल्या भाषेच्या माणसाला तो आक्षेप कळायला जड जाऊ नये.

तरीही बोलण्यातून हा शब्द हद्दपार करावा, असे मी म्हणणार नाही. ज्या स्त्रिया स्वतः मैत्रिणींना 'यू गाइज' म्हणतात, त्यांच्या तोंडी त्याने पुरुषत्व टाकलेलेच आहे, आणि हजारो लोकांच्या जिभेवर रुळलेले अनेकवचन फर्मान काढून मागे घेता येत नाही. मात्र जिला ते टोचते तिने तसे सांगितले, तर तिच्यापुढे ते वापरू नये. शब्दाचा बचाव करण्यापेक्षा समोरच्या माणसाची इच्छा राखणे मला अधिक शिष्टाचाराचे वाटते, आणि पर्याय इतके आहेत की त्यात काही गमवावेही लागत नाही.

पण आपल्या कन्येच्या ईमेलमध्ये अडचण स्त्री-पुरुषभेदाची कमी आणि सलगीची जास्त होती, असे मला वाटते. 'हाय गाइज' हे बरोबरीच्यांचे किंवा वरच्याने खालच्यांना मोकळेपणाने केलेले संबोधन आहे. प्रमुख ते आपल्या चमूला म्हणतात, कारण चमूतले अंतर कमी करणे त्यांच्या अधिकारात आहे. नवी आलेली मुलगी तेच ग्राहक कंपनीतील अपरिचित ज्येष्ठांना लिहिते, तेव्हा अंतर कमी करण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. मराठीत आपण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत रोज निवड करतो आणि क्वचितच चुकतो. इंग्रजीत सर्वनाम एकच असल्यामुळे ही निवड संबोधनात, मायन्यात आणि वाक्याच्या वळणात लपलेली असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की इंग्रजी ओळ लिहिण्यापूर्वी हीच माणसे मराठीत समोर असती तर त्यांना काय म्हटले असते, ते मनात ठरवा. 'अरे, चला रे सगळे' किंवा 'काय मंडळी' असे आले, तर 'गाइज' चालेल. 'आपण सर्वांनी कृपया' असे आले, तर तो शब्द तेथे घालू नका.

लेखी व्यवहारात पर्याय साधे आहेत. अनेकांना एकत्र लिहायचे असेल तर 'हॅलो एव्हरीवन' किंवा 'डिअर ऑल' हे कोठेही शोभतात. 'डिअर ऑल' भारतीय कार्यालयांत विशेष रुळलेले आहे आणि त्यात काहीही गैर नाही. स्वतःच्याच चमूला 'हाय टीम' बरे दिसते, ग्राहकाला नव्हे, कारण ते आपल्या चमूत नसतात. 'हाय फोक्स' अमेरिकेत स्नेहाचे वाटते, पण आपल्याकडून गेलेल्या पत्रात ते थोडे उसने वाटते, म्हणून मी ते सुचवत नाही. पत्र दोघा-तिघांनाच असेल, तर नावे लिहावीत. याहून आदराचा मार्ग नाही.

चुका कोठे होतात तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे अगणित संदेशांत 'गाइज' च्या शेवटच्या अक्षराआधी वर लटकणारे चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, दिलेले दिसते. ते चिन्ह आले की अर्थ 'त्या माणसाचे' असा षष्ठीचा होतो. साध्या अनेकवचनात ते कधीही येत नाही. दुसरे असे की, 'तुम्हां सगळ्यांचे मत' म्हणताना अमेरिकी माणसे बोलण्यात 'यू गाइजेस' किंवा 'युअर गाइजेस' असे काहीतरी म्हणतात. ते ऐकून समजावे, लिहू नये, तेथे नुसते 'युअर' पुरेसे आहे. उच्चारात शेवटचा वर्ण 'जहाज' मधील शेवटच्या ज च्या जवळचा आणि मऊ ठेवावा. तो 'जीभ' मधल्या ज सारखा झाला की शब्द ओळखू येत नाही, आणि 'स' केला तरी कानाला खटकतो.

आपल्या कन्येने आता काय करावे, तर त्या बाईंना दोन ओळींचे उत्तर पाठवावे: लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, आणि पुढे थेट कामाचा मुद्दा. अमेरिकेत असे बोलतात, आमचे प्रमुखही असेच म्हणतात, हे स्पष्टीकरण त्यात देऊ नये, कारण ते खरे असले तरी बाईंच्या दृष्टीने गैरलागू आहे. पुढच्या पत्रापासून त्यांना नावाने आणि 'मिझ' लावून लिहावे. 'मिस' आणि 'मिसेस' दोन्ही टाळावीत, कारण त्या विवाहित आहेत की नाहीत हे तिला ठाऊक नाही, आणि 'मिझ' हे वैवाहिक स्थिती न सांगणारे रूप असल्याने तेच सर्वांत सुरक्षित. रोजच्या बैठकीत मात्र प्रमुखांच्या 'हाय गाइज' ला तिने 'हाय एव्हरीवन' म्हणत खुशाल उत्तर द्यावे.